भोवरा नको, दात पाहा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी भोवरे पाहतो. मानेवर देवमण आहे का, डोळ्याखाली अशुभ भोवरा नाही ना, चारही पाय पांढरे आहेत का, कपाळावरचा पट्टा सरळ उतरलाय का. मग रंग: कुमैत, अबलख, नुकरा. मग कान, दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात का. मग चाल आणि नाच. ढोलकीवर घोडी दोन पायांवर उभी राहिली की गर्दी शिट्ट्या मारते आणि भाव वीस-पंचवीस हजारांनी वर जातो. या सगळ्यात घोड्याचा पाय उचलून खुराचा तळवा पाहणारा माणूस मला क्वचित दिसतो. दाढांपर्यंत हात घालणारा तर नाहीच. दिवसाला पाणी किती लागतं, नाल कोण मारतो, आजारी पडला तर जवळ डॉक्टर कोण, हे प्रश्न यात्रेत कुणी विचारत नाही. ते घरी गेल्यावर सुचतात, आणि मग माझा फोन वाजतो.

मी शहादा-दोंडाईचा पट्ट्यात जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती झाली, तापीकाठची यात्रा उठली, की पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडे घोड्यांच्या चौकश्यांची रीघ लागते. "मॅडम, चंदी किती द्यायची?" "मॅडम, घोडी गवताचे गोळे करून थुंकते." "मॅडम, रात्रीपासून लोळतोय, सोडा पाजला, चालेल ना?" विचारणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकांचा जीव जडलेला असतो त्या जनावरावर. शेतकऱ्यांची मुलं आहेत, घरी पिढ्यान् पिढ्या गाई-म्हशी-बैल आहेत, तेव्हा जनावर आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री असते. तिथेच गाडं अडतं. घोडा बैलासारखा जगत नाही, आणि बैलाच्या हिशेबाने ठेवलेला घोडा मरतो. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्याला रोजच्या साध्या प्रश्नांची उत्तरं माहीत नाहीत त्याने घोडा घेऊ नये, आणि ज्या सरकारला घोड्यांची यात्रा पर्यटनासाठी हवी आहे त्याने घोड्याच्या दवापाण्याचीही सोय करावी.

2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3 लाख 40 हजार भरले. 2012 मध्ये हा आकडा सव्वासहा लाखांच्या घरात होता. सात वर्षांत जवळजवळ निम्मी जनावरं कमी झाली. टांगे गेले, पाठीवरून माल वाहणं घटलं, ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. पण टांग्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. प्रत्येक टांगा अड्ड्यावर एक नालबंद असायचा, दोन-तीन जुने मोतद्दार असायचे. त्यांना घोड्याचा कान थोडा लवला तरी कळायचं. नवा टांगेवाला त्यांच्या शेजारी उभा राहून शिकायचा. आज आमच्या भागात घोडा उरलाय तो हौशी माणसाच्या गोठ्यात किंवा लग्नाच्या वरातीत. तिथे शेजारी उभं राहून शिकवणारं कुणी नाही. मोबाईलवरचे व्हिडिओ आहेत, पण त्यात घोडा नाचवायचा कसा ते दाखवतात, ठेवायचा कसा ते नाही.

आधी पोटाचं पाहू, कारण माझे निम्म्याहून जास्त फोन पोटावरचे असतात. गाईला चार कप्प्यांचं पोट असतं. ती भराभर गिळते आणि मग निवांत रवंथ करते. घोड्याचं जठर एकच, तेही अंगाच्या मानाने फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं. गवत कुजवून पचवण्याचं काम त्याच्या पोटात अगदी मागे, मोठ्या आतड्यात चालतं. म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं चरत राहावं लागतं. मोकळ्या रानात सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास खातो. आपण मात्र सकाळी एक पाटी, संध्याकाळी एक पाटी टाकतो आणि मधले दहा तास त्याला रिकाम्या गव्हाणीसमोर उभं करतो. मग तो लाकूड कुरतडतो, माती चाटतो, स्वतःची लीद खातो, आणि मालक सांगतो की घोड्याला वाईट खोड लागली. ती खोड नसते, भूक असते.

हिशेब अवघड नाही. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे आठ किलो कोरडी वैरण हवी, वर्षाला जवळजवळ तीन टन. ती साठवायला कोरडी जागा हवी, कारण बुरशी लागलेला कडबा गाय एकवेळ पचवेल, घोडा पचवणार नाही. पाणी रोज पंचवीस ते चाळीस लिटर, आणि आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. टाकी शेवाळलेली असेल तर घोडा पाण्याला तोंड लावत नाही, तसाच तहानेला राहतो आणि दोन दिवसांत आतडं कोंडतं. मिठाचा खडा गव्हाणीत कायम असावा. चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे, ओट किंवा भरडलेलं धान्य, ही कामाच्या प्रमाणात द्यायची असते. काम नाही तर चंदी जवळजवळ नाहीच. ही एक गोष्ट लोकांना पटवताना माझा घसा कोरडा होतो. हरभऱ्याने घोड्याला ताकद येते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून उभ्या घोड्यापुढेही प्रेमाने पाच-पाच किलो हरभरा ओतला जातो.

त्यात गव्हाचा कोंडा. स्वस्त मिळतो, घोडा आवडीने खातो. पण कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी. महिनोन् महिने मुख्य खाणं म्हणून कोंडाच दिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, चेहऱ्याची हाडं सुजून तोंड रुंद दिसू लागतं आणि घोडा उगाच लंगडतो. नुसत्या हत्ती गवतावर ठेवलेल्या घोड्याचंही तसंच होतं. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. थोडा लसूणघास रोज मिळाला तर हे टळतं. आणि एक गोष्ट मी सांगतेच, कुणी विचारो न विचारो: कोंबड्यांचं खाद्य किंवा गाईंचं तयार खाद्य घोड्याला घालू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला आणि गाईला ते चालतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याच्या थोड्याशा मात्रेनेही निकामी होतात, आणि त्याला उतारा नाही.

लग्नसराईतल्या घोड्यांचा एक आजार आमच्याकडे दर हंगामात दिसतो. तुळशीच्या लग्नाआधी घोडी तीन-चार आठवडे ठाणावर बांधून असते, चंदी मात्र पूर्ण चालू. मग पहिली वरात येते, घोडी सजते, अर्धा तास नाचते, आणि एकाएकी मागचे पाय ताठ होतात. घाम फुटतो, पाऊल पुढे पडत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. लोक म्हणतात नजर लागली. नजर नाही, स्नायू फुटलेले असतात, आणि त्यांचा रंग मूत्रपिंडातून बाहेर पडत असतो. अशा वेळी घोडीला एक पाऊलही चालवू नये, आहे त्या जागी उभी ठेवून अंगावर घोंगडी टाकावी आणि डॉक्टरला बोलवावं. ट्रकपर्यंत चालवत नेलेल्या घोड्या मी पाहिल्यात. त्यांतल्या काही पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हे टाळायला फक्त दोन गोष्टी पुरतात: सुट्टीच्या दिवसांत चंदी निम्म्याहून कमी करायची आणि रोज तासभर लगाम धरून फिरवून आणायचं.

आता गवताचे गोळे थुंकणाऱ्या घोडीकडे वळते, कारण तिच्यावरून सांगायचं ते चांगलं सांगता येतं. मारवाडी घोडी, रंग कुमैत, बारा-तेरा वर्षांची, मालकाला विकताना सात वर्षांची सांगितलेली. यात्रेतून आणल्यापासून रोज हडकत चाललेली. मालकाने जंताचं औषध दिलं, गूळ दिला, तूप दिलं, एका मांत्रिकाकडून दोराही बांधून घेतला. मी गेले तेव्हा गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या घासाचे लांबट, ओले गोळे पडलेले होते. घोडी घास तोंडात घ्यायची, मान एका बाजूला वाकडी करून दोन-तीनदा चावायची आणि सोडून द्यायची. लीद पाहिली तर त्यात अख्खे हरभरे. तोंडाची उघडणी लावून बॅटरी आत टाकली. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला सुरीसारखी धार आली होती, गालाच्या आतल्या बाजूला लांबच लांब जखमा. खालच्या दाढांची धार आत, जिभेच्या बाजूला. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चरताना घासून झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने झीज सारखी होत नाही, कडा उरतात. मी मोठ्या कानशीने दोन्ही बाजूंच्या धारा घासल्या, वीस मिनिटांचं काम. खाली पडलेला पांढरा भुगा मालकाने हातात घेऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन: घोडी गव्हाण चाटूनपुसून रिकामी करते.

दात वर्षातून एकदा तपासावेत, एवढं साधं आहे. वयही दातांवरूनच कळतं. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण जुळतं. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक खाच दिसू लागते आणि वयाप्रमाणे खाली सरकते. व्यापारी दात कोरतात, त्यावर डाग पाडतात, घोडा तरुण दाखवतात, हे खरं आहे. पण ती खाच लपवणं सोपं नाही. भोवरे मोजायला जेवढा वेळ देता तेवढा दातांना दिला तर फसवणूक निम्मी कमी होईल.

उलटी फसवणूकही आहे. दोन वर्षांचं शिंगरू नाच शिकवून, सजवून, चार वर्षांचं म्हणून विकतात. त्या वयात पायांची हाडं वाढत असतात, पाठीचा कणा तर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत भरत असतो. अशा शिंगराला दोन पायांवर उभं करून वरून नवरदेव बसवला की आठव्या-नवव्या वर्षीच घोडा गुडघ्यांनी संपतो. मग पुढच्या यात्रेत तोच स्वस्तात विकला जातो, एखाद्या गरीब माणसाला.

खुरांविषयी मला जास्त कळकळ आहे, कारण तिथे उपाय सगळ्यात सोपा आणि माणूस सगळ्यात दुर्मीळ. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढलेला भाग छाटून, नाल पुन्हा बसवावी लागते, घोडा कामाला असो वा नसो. आमच्या पट्ट्यात आता मला माहीत असलेले चांगले नालबंद हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. त्यातल्या एका वयस्कर काकांना काम करताना पाहणं हा अनुभव आहे. ते आधी घोड्याला चालवून पाहतात, कडक जमिनीवर, आणि डोळे मिटून टापांचा आवाज ऐकतात. चारांतली एक टाप हलकी पडली की त्यांना कळतं. मग पाय मांड्यांमध्ये धरून आधी आकड्याने तळव्यातली घाण काढतात, मधल्या त्रिकोणी मऊ भागाला अंगठ्याने दाबतात, नाकाजवळ नेऊन वास घेतात. काळं, कुजका वास येणारं पाणी निघालं की मालकाला तिथल्या तिथे झापतात, "ओलीत बांधतोस का रे?" मग छाटणी, कानस, नाल मापून पाहणं. नाल खुराला जुळवायची, खूर नालेला नाही, हे त्यांचं पहिलं तत्त्व. बाजारातली तयार नाल खुरापेक्षा लहान असली की शिकाऊ माणूस खूरच कापून नालेएवढा करतो, आणि घोडा वर्षभर टाचा टेकून चालतो. काकांनी ठोकलेला खिळा खुराच्या भिंतीतून तिरपा बाहेर येतो, आतल्या जिवंत भागाला शिवत नाही. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. एक मुलगा सुरतेला कामाला आहे.

पोटदुखीचं सांगायचंच आहे. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून पुन्हा पुन्हा बरगडीकडे पाहतो, बसतो, उठतो, वरचा ओठ वर करतो, लीद पडत नाही. हे दिसलं की वेळ घालवू नका. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप एवढी घट्ट असते की पोट फुगलं तर ते फुटतं, पण वर येत नाही. तेव्हा गव्हाण रिकामी करा, फोन करा, आणि जनावर धडाधड लोळून स्वतःला इजा करणार असेल तर हळूहळू चालवा. तोंड वर करून बाटलीने तेल, सोडा, ताक काहीही पाजू नका. बैलाला आपण नळीने पाजतो म्हणून घोड्यालाही पाजतात, आणि ते तेल सरळ फुप्फुसात जातं. पोट बरं होतं आणि चार दिवसांनी न्युमोनियाने घोडा जातो, असे प्रसंग मी पाहिलेत. तेल द्यायचंच असेल तर नाकातून नळी घालून डॉक्टर देईल.

आणि इथे मला आमच्या खात्याविषयी बोलायचं आहे. मी काम केलेल्या दवाखान्यांत गाईच्या विण्यासाठी लागणारी हत्यारं होती, कृत्रिम रेतनाची सोय होती. घोड्याच्या तोंडाची उघडणी नव्हती, नाकातून घालायची नळी नव्हती, दाताची कानस नव्हती. माझी मी विकत घेतली. पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोडा शिकवतात, पण हाताखालून किती घोडे जातात? गाई-म्हशींचं दूध हा राज्याच्या अर्थकारणाचा भाग आहे, घोडा नाही, हे मला समजतं. पण ज्या जिल्ह्यात राज्यातली सगळ्यात मोठी घोडेयात्रा भरते, ज्या यात्रेच्या जोरावर चेतक फेस्टिव्हल भरवला जातो, पर्यटक येतात, तंबूनिवास उभे राहतात, त्या जिल्ह्यात घोड्याला नीट पाहणारा दवाखाना असू नये हे मला मान्य नाही.

ग्लँडर्सचीही आठवण करून देते. नाकातून चिकट पू, पायांवर ओळीने गाठी फुटणं, ताप. हा आजार माणसाला होतो, आणि रक्ततपासणीत नक्की झाला की घोडा मारावाच लागतो. कायद्याने दुसरा मार्ग नाही. देशात तो पुन्हा दिसला तेव्हा, 2006 मध्ये, महाराष्ट्रही त्यात होता. परराज्यांतून शेकडो घोडे जिथे एका मैदानात, एका हौदावर येतात तिथे प्रत्येकाकडे तपासणीचा दाखला असलाच पाहिजे, आणि तो वाचणारं कुणीतरी फाटकावर उभं असलं पाहिजे. विकत घेणाऱ्याने तो मागितला पाहिजे. घरी आणलेला घोडा दोन-तीन आठवडे बाकी जनावरांपासून लांब बांधावा, त्याची बादली वेगळी ठेवावी. प्रवासात ट्रकमध्ये घोड्याची मान उंच बांधलेली असते, श्वासनलिकेतली घाण खाली उतरत नाही. उतरवल्यावर त्याला मान खाली घालून चरू द्यावं, पहिले दोन दिवस नुसती कोरडी वैरण आणि पाणी, चंदी आठ-दहा दिवसांत हळूहळू. धनुर्वाताची लस द्यावीच. सगळ्या पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोडा सगळ्यात लवकर बळी पडतो, एक गंजका खिळा पुरतो.

वरातीच्या घोड्यांबद्दल नियम आहेत, आणि ते जुने आहेत. जनावरांकडून काम करून घेण्याचे 1965 चे केंद्रीय नियम काटेरी लगाम वापरायला स्पष्ट मनाई करतात. जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी 12 ते 3 या वेळेत कामाला जुंपू नये, असंही त्यात आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या खाली क्वचित असतो आणि मुहूर्त दुपारी साडेबाराचा. नवरदेवाच्या घरच्यांनी फक्त एवढं करावं: घोडीवाल्याला लगाम काढून दाखवायला सांगावं. काटे दिसले तर दुसरी घोडी शोधावी. डीजेच्या भिंतीपासून तिला लांब ठेवावं. डीजेच्या आवाजाने बिथरलेल्या घोडीवर लहान मुलाला बसवण्याइतका मोठा कुठलाच हौसेचा प्रसंग नसतो.

हे सगळं ज्ञान संपलेलं नाही, विखुरलंय. भीमा खोऱ्यातले धनगर अजून आपलं बिऱ्हाड भीमथडी तट्टांवर लादून मेंढरांमागे फिरतात. या तट्टाची आता देशातल्या स्वतंत्र जातींमध्ये नोंद झाली आहे. मी त्यांच्यातल्या एका कुटुंबाबरोबर वाटेत थांबून पाहिलंय: मुक्कामाला पोचलं की माणसं पाणी प्यायच्या आधी तट्टांच्या पाठीवरचं ओझं उतरतं, पाठ हाताने चाचपली जाते, कुठे चोळवटलंय का ते पाहिलं जातं, आणि सगळी तट्टं एकत्र चरायला मोकळी सुटतात. एकट्याने बांधलेला, अगाडी-पिछाडी लावून दिवसाचे बावीस तास उभा ठेवलेला आमचा लाख-दोन लाखांचा मारवाडी घोडा त्या तट्टापेक्षा दुःखी असतो, हे मी ठामपणे सांगते. घोडा कळपाचा प्राणी आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान एखादी शेळी सोबत बांधा, आणि रोज दोन तास तरी मोकळ्या वाड्यात सोडा. त्याला आडवं होऊन झोपता येईल एवढी कोरडी जागाही हवी. उभ्याने तो डुलकी काढतो, पण गाढ झोप त्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही.

जिल्हा प्रशासनाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. यात्रेच्या मैदानावर, विक्रीच्या जागेशेजारीच, दात-खूर-रक्त तपासणारं पथक बसवा, नाममात्र शुल्कात, आणि त्याच्या शिक्क्याशिवाय विक्रीची पावती देऊ नका. जिल्ह्यातल्या एका तरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नालबंदीचा वर्ग काढा; लोहारकाम येणारी मुलं आहेत, शिकवणारे काका अजून हयात आहेत, पण फार वर्षं नसतील. आणि घोडे जास्त असलेल्या तालुक्यांच्या दवाखान्यांना उघडणी, नळी आणि कानस द्या. या तिन्हींचा खर्च एका रात्रीच्या रंगमंचाच्या रोषणाईपेक्षा जास्त होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या मनात यंदा घोडा घ्यायचं आहे त्यांना एकच सांगते. पसंत पडलेल्या घोड्याचे पैसे देण्याआधी चारही पाय उचलून पाहा, तोंड उघडून पाहा, त्याच्यासमोर घास टाका आणि पंधरा मिनिटं तो कसा खातो ते उभं राहून पाहा. ग्लँडर्सचा दाखला मागा. गावाजवळचा नालबंद आणि डॉक्टर यांचे फोन नंबर आधी मिळवा, मग घोडा घ्या. ते दोन नंबर मिळाले नाहीत, तर यंदा यात्रा पाहून, दत्ताचं दर्शन घेऊन, मोकळ्या हातांनी घरी जा.